बिनआवाजाच्या गाडीतून घाटनांदूर

गाड्यांविषयी लेख लिहून पोट भरणाऱ्या माणसाला गावात कुणी कामाचा समजत नाही. "म्हंजी गाड्या फिरवायच्या अन् वर पगार घ्यायचा?" असं नेकनूरच्या स्टँडवर मला कितीदा तरी विचारलं गेलंय आणि दर वेळी मी चिडलोय. आमच्या घरात खरोखर गाडी चालवून पोट भरणारा माणूस होता, म्हणून ते जास्त लागायचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेकनूर ते बीड अशी काळी-पिवळी जीप उभा जन्म चालवली. त्यांच्यापुढं माझं काम म्हणजे चैनच होती.

त्या दिवाळीच्या तोंडावर पुण्यात आमच्या ऑफिसला एक महागडी इलेक्ट्रिक सेडान चाचणीसाठी आली. कंपनीच्या पत्रकात एका चार्जिंगमध्ये ती किती जाते याचा आकडा असा काही छापला होता, की छापणाऱ्याला एकदा आमच्याकडच्या रस्त्यावरून फिरवून आणावंसं वाटलं. संपादकांनाही तेच हवं होतं. गाडी शहराबाहेर न्यायची, खरी किती जाते, चार्जिंग कुठं मिळतं, कुठं बोंब आहे, पळते कशी, हे सगळं तपासायचं. पण सणात घर सोडायला कुणी तयार होईना. मी नेतो म्हणालो आणि कारणही लपवलं नाही. आण्णांचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. त्यांना भाऊबीजेला घाटनांदूरला आत्याकडं जायचं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हादरे बसता कामा नयेत. संपादक म्हणाले, "ने. पण आकडे नीट आण."

भाऊबीजेचं प्रकरण असं होतं. जीपवाल्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्याच दिवशी. माहेरी निघालेल्या बाया, त्यांची पोरं, पिशव्या, फराळाचे डबे. जीपमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची. आण्णा पहाटेपासून लोकांच्या बहिणी पोचवत फिरायचे आणि त्यांची स्वतःची बहीण तिकडं घाटनांदूरला वाट बघत बसायची. दोन-चार दिवसांनी जीप मोकळी झाली की जायचे. एकदा तर तुळशीचं लग्न लागून गेल्यावर गेले. आत्या त्यांच्याहून मोठी, तोंडाची फटकळ. "आला का माझा भाऊ, शिळी बीज घ्यायला," असं म्हणून ती ताट करायची. जीप घेतल्यापासून ऐन भाऊबीजेला मात्र तिनं त्यांना कधीच ओवाळलं नव्हतं. आता जीप विकली होती, धंदा संपला होता, तर हे दुखणं. तिकडं आत्याचा खुबा मोडून ती बाजेला खिळलेली, त्यामुळं ती येण्याचा प्रश्नच नव्हता. अंथरुणावरून आण्णा एवढं एकच मागत होते, की यंदा दिवस चुकायला नको.

मी गाडी घेऊन निघालो. वाटेत महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची दोन यंत्रं होती. त्यातलं एक बंद आणि दुसऱ्याला आधीच एक गाडी लावून तिचा मालक आत निवांत जेवत होता. मी दोन वेळा जाऊन त्याच्या ताटाकडं बघून आलो, तरी त्यानं घाई केली नाही. घरी आल्यावर वेगळाच तमाशा. अंगणात वायर ओढून गाडी लावली, तर ती लाल दिवा दाखवून हटून बसली. अर्थिंग नीट नाही म्हणे. आईनं दोन तांबे मिठाचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. मिक्सर झिणझिण्या द्यायला लागला की ती हेच करते. दिवा हिरवा झाला आणि जमलेल्या गल्लीनं जत्रेत ओरडावं तसा ओरडा केला. "किती जाती ओ एका चार्जिंगमधी?" "लाइट गेल्यावर काय ढकलायची का?" एकानं किंमत विचारली. मी सांगितली, तसे सगळे दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

पडद्यावर अजून किती किलोमीटर उरलेत ते दिसत होतं. त्या आकड्यावरून आण्णांविषयी कुणाच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. माझ्याही आलं होतं आणि माझाच मला राग आला. गाडीचा आकडा गाडीचा असतो, उद्या परत भरतो.

भाऊबीजेला सकाळी मी आणि शेजारच्या दोघांनी आण्णांना चादरीत धरून मागच्या सीटवर आडवं केलं. सीट जवळजवळ खाटेसारखी पसरते. तिच्यात पाठ रगडायची सोयही होती. चुकून माझ्या हातून ती चालू झाली. "आरं, ह्ये काय गुदगुल्या करतंय? बंद कर बे," आण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही केजच्या रस्त्याला लागलो.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो हे आता पोरासोरांना माहीत आहे, पण ही गाडी त्यातही गप होती. बाहेर ट्रॅक्टर जात होते. फराळ आटपून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं बाजा-भांड्यांसकट ट्रॉल्यांत बसली होती. त्या धडधडीतलं आत काही येत नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागलो. धंद्याची खोड जात नाही.

पहिल्या गतिरोधकावर मागून बारीकसा आवाज आला. कुईं, असा. गाडी खालून बुटकी, मला वाटलं पोट घासलं. उतरून वाकून बघितलं, तर काही नाही. पुढच्या गतिरोधकावर गाडी तिरकी घातली, अगदी चालत जावी तशी, तरी तोच आवाज. मग वाटलं दारातलं काहीतरी करकरतंय. एवढ्या किमतीच्या गाडीत करकर म्हणजे लिहायला बरं सापडलं, असंही वाटलं. तिसऱ्या वेळी मी आरशात बघितलं. आण्णांनी डोळे मिटले होते, ओठ दाताखाली धरला होता आणि तो आवाज त्यांच्याच घशातून येत होता. आई खिडकीबाहेर बघत होती. तिला काहीच नवीन नव्हतं.

आण्णांना आडवं नेता यावं म्हणून दवाखान्याच्या सगळ्या खेपा आम्ही भाड्याच्या जीपमधून केल्या होत्या. दर वेळी मी पुढं बसून विचारायचो, "आण्णा, दुखतंय का?" आणि मागून उत्तर यायचं, "न्हाई, बरं हाय." आईनं नंतर मला सांगितलं, "तवाबी असंच कण्हायचे. तुला इंजनात ऐकू येत न्हवतं." डिझेलच्या त्या खडखडाटाला मी आजवर लेखांतून किती शिव्या दिल्या असतील. आण्णांना तो खडखडाट आडोशाचा वाटत होता. मी हौसेनं आणलेल्या गाडीनं तेवढा आडोसाही काढून घेतला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बाजूला घेऊन थांबलो. "आण्णा, मागं फिरायचं का?"

"कावून?"

"दुखतंय तुम्हाला."

"दुखंना. रेडिओ लाव की जरा. गाण्याबिगर गाडी असती का?"

मी हललो नाही. तेव्हा ते डोळे उघडून म्हणाले, "भाऊबीजंला मी एकबी बाई अर्ध्या वाटंत उतरवली न्हाई आजवर. पंक्चर झाली तर दुसऱ्याच्या जीपमधी बसवून दिली. आन तू मलाच उतरवतूस व्हय?"

मी रेडिओ लावला. मोठ्यानं लावला. कुठली गाणी होती ते आठवत नाही. त्यांना मोकळेपणानं कण्हता यावं एवढ्यासाठी मी आवाज वाढवत राहिलो आणि तरी प्रत्येक खड्ड्याला कान मागंच होता.

केजच्या पुढं सिमेंटचा रस्ता लागला. गाडी तुपावरून गेल्यासारखी जायला लागली आणि आण्णांच्या चेहऱ्यात जीव आला. जरा वेळानं मागून हुकूम आला, "पळती का बघू की." आई म्हणाली, "गप पडा." पण ज्या माणसानं जन्मभर चढावर जीपला शिव्या घालत घालत वर चढवलं, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. रस्ता मोकळा बघून मी पाय दाबला. गाडी अशी सुटली की आम्ही तिघंही सीटला चिकटलो. मागून आवाज आला. हसले की कण्हले, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही एकदम झालं असावं. "बास, बास. लई पळती बे," आण्णा म्हणाले. मी वेग उतरवला. त्या गाडीच्या ताकदीविषयी मी नंतर पुष्कळ लिहिलं, पण त्याहून नेमकं काही सुचलं नाही.

घाटनांदूरला आत्याच्या घराची गल्ली अरुंद आणि घराच्या अलीकडं उघडी गटार. त्यावरची फरशी या वजनाला तग धरणार नव्हती, म्हणून गाडी तिथंच अडली. आण्णांना परत चादरीत धरून न्यायचं म्हटलं तर त्यांच्याच्यानं ते होणार नाही, हे आता मला कानांनी कळलं होतं. आतेभाऊ डोकं खाजवत उभा राहिला. तेवढ्यात घरातून आत्याचा आवाज आला, "त्याला येता येत न्हाई तर मला उचला की! मी काय हितं ठोकून बसवलीय का?"

मग चौघांनी आत्याला बाजेसकट उचललं. नवं पातळ नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली आत्या मांडीवर ओवाळणीचं ताट घट्ट धरून गल्लीतून आली आणि लोकांनी बाज गाडीच्या मागच्या दाराला भिडवून ठेवली. बाज उंच, सीट खाली. मी पुढं वाकून बटण दाबलं, तशी गाडी हळूच थोडी वर आली. खड्ड्यांसाठी दिलेली सोय होती ती. आत्यानं दोनदा काडी ओढली, दोनदा निरांजन विझलं, मग माझ्या लक्षात आलं आणि मी एसी बंद केला. आण्णांच्या डोक्यावर टोपी नव्हती. आतेभावानं आपली काढून घातली, ती औषधांनी केस गेलेल्या डोक्यावर कानापर्यंत उतरली.

तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी त्यांच्या डोक्याभोवती फिरवली. ओवाळून घेताना आण्णांनी कोपरावर जोर देऊन मान उचलून धरली होती. तोंडातून हुं की चूं नाही. श्वास रोखून धरला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आत्याचा हात मध्येच थांबला.

"माझ्याम्होरं कावून दम धरतूस रं?" ती म्हणाली. "लहानपणी काटा मोडला तर गाव गोळा करायचास. कण्ह की."

आण्णांनी मान तिच्या हातावर टाकली आणि मोठ्यानं कण्हले. इतका मोठा आवाज त्या अंगात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. गल्लीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. आत्यानं एका हातात त्यांचं डोकं पेललं, दुसऱ्या हातानं ओवाळणं पुरं केलं आणि मग ती स्वतःही रडली. आईनं पुढं केलेलं पातळ आण्णांनी तिच्या ताटात ठेवलं. "आज ताजी हाय बग बीज," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी रेडिओ लावायला सांगितलं नाही. प्रत्येक गतिरोधकावर ते खुशाल कण्हत आले आणि मी गाडी तिरकी घालत, ऐकत आलो. मला ते सहन होत होतं असं नाही. पण ते आता आमच्यापासून काही लपवत नव्हते आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघं एवढं जवळ कधी नव्हतो.

लेख लिहिला. खरी किती जाते, आकडा कुठं आणि कितीनं कमी पडतो, चार्जिंगची रखडपट्टी, अर्थिंगचं पाणी, ताकद. गाडीच्या शांततेवर संपादकांनी एक परिच्छेद मागितला होता, त्यावर मी एकच ओळ लिहून दिली: मागच्या सीटवरच्या माणसाचा श्वासही पुढं ऐकू येतो. कंपनीला ती ओळ फार आवडली म्हणे. ती छापून येईपर्यंत आण्णा गेले होते.

पुढच्या दिवाळीला आमच्याकडं सण नव्हता, पण भाऊबीजेला मी आत्याला भेटायला गेलो. माझी स्वतःची गाडी जुनी, डिझेलची. बॅटरी मेलेली, एकदा बंद केली की परत धक्का मारावा लागतो, म्हणून गल्लीत इंजिन चालूच ठेवून उतरलो. दिवस नुकताच मावळला होता. आत्या बाजेवर बसून होती, मांडीवर ताट. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. या वयात तिला ते पहिल्यांदाच करायचं होतं.

तिनं बाज बाहेर काढायला लावली, गेल्या वर्षी होती त्याच जागी. गल्लीच्या टोकाला बीजेची कोर दिसत होती. आत्यानं निरांजन लावलं, हात उचलला आणि थांबली.

"त्ये इंजन बंद कर," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "मागल्या साली किती गप हुतं. त्याचं समदं ऐकू येत हुतं."

मी जाऊन किल्ली फिरवली. खडखडाट थांबला. आत्यानं कोरीला ओवाळायला सुरुवात केली आणि मी दाराला टेकून उभा राहिलो, कान देऊन. काहीच ऐकू आलं नाही.