दादानं सोडलेली आणि धरलेली गोळी

देवरीच्या कॉलेजात मी पेशींतले संकेत शिकवत होते. फळ्यावर किनेजचं चित्र अर्धं झालं होतं, तेवढ्यात केशोरीहून पुतणीचा फोन आला. "आत्या, बाबा गेले. बांधीत धानाचा रोवणा पाहून राहिले होते, तिथंच छातीत कळ आली..." दहा वर्षं मी दादाच्या रक्ताच्या कॅन्सरची धास्ती घेऊन बसले होते आणि हा माणूस हृदयविकारानं गेला! रडू आलं आणि रागही आला.

किनेज म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावणारं विकर. हाक आली की चालू, काम झालं की बंद. दहा वर्षांपूर्वी दादाच्या रक्तपेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे भलतीकडेच जोडले गेले आणि थांबणं ठाऊक नसलेलं किनेज तयार झालं. पांढऱ्या पेशी वाढतच सुटल्या. नशीब बघा, नेमकं त्यालाच अडवणारी गोळी तेव्हा नुकती मिळू लागली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ती दिली, रिपोर्ट सुधारला आणि दादा पुन्हा चिखलात उतरला.

वर्षभरानं रिपोर्ट एकाएकी बिघडला. मी तडक केशोरी गाठली. वहिनीनं धान साठवायच्या ढोलीकडे बोट दाखवलं. वर चार महिन्यांच्या गोळ्या, एकही पाकीट फोडलेलं नाही!

"तुडतुडा गेल्यावर कोनी फवारा मारते काय?" दादा म्हणाला. "बरा झालो ना बाई, मंग गोळी कायले खाऊन राहू?"

भांडायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं. जगाच्या पोरांना जीवशास्त्र शिकवणारी मी, सख्ख्या भावाला फक्त 'खा' म्हणत आले होते. चूक माझीच. मग तिथंच बसून सांगितलं. किनेजला ताकद देणारा रेणू ज्या खोबणीत येऊन बसतो, तीच खोबण ही गोळी अडवून धरते. ती मारत नाही, बसून राहते.

दादानं ढोलीवरचं एक पाकीट हातात घेतलं. "म्हंजे यष्टीत रुमाल टाकून जागा धरल्यावानी? रुमाल उचलला का दुसरा बसला!"

इतकं सोपं मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू केली, पण मधल्या खंडानंतर ती लागू पडेलच याची हमी डॉक्टरही देईनात. ते तीन महिने जिवाला घोर होता. आकडे उतरले तेव्हा दादानं ओपीडीतच मला पेढा भरवला. त्यानंतर एक दिवस चुकवला नाही त्यानं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या स्मरणार्थ बुद्धवंदना आटोपल्यावर, कामठ्याची एक तरुणी जवळ आली. ओपीडीत दादाला भेटलेली, तीच बिमारी. दादा रोज जेवणानंतर तिला फोन करून 'गोळी घेतली काय' विचारायचा, म्हणे. आम्हाला पत्ताच नाही! "गोळी घेऊन राहिली, मॅडम," ती म्हणाली, "पन आता सांगू कोनाले?"

मी तिचा नंबर घेतला. आता रोज मीच फोन लावते. काल तासामुळे उशीर झाला, तर तिचाच आला. "घेतली, मॅडम. अन् ओपीडीत एक नवीन काकू भेटल्या, लय घाबरल्या होत्या. त्याइले मी रोज फोन करून राहिली."