खिडकीवरचा काळा डाग

कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस असलेले एक गृहस्थ धरमपेठेत आमच्याच गल्लीत राहायचे. कोणाच्याही घरी गेले की आधी त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर जायचा. जुना रंग दिसला की "वास येईल बरं का जी," अशी माफी मागून खिशातल्या बाटलीतल्या रसायनाचा एक थेंब ते त्यावर टाकायचे. रंगात विषारी शिसं असलं की तिथं काळा डाग पडायचा. लोक हसायचे, मीही.

एकदा माझ्याच घराच्या तळमजल्यावर, भाडेकरूंच्या खिडकीवर त्यांनी बाहेरून थेंब टाकला. डाग कोळशासारखा उमटला.

"शिसं हाय जी. त्यांची पोरगी दिवसभर हीच चौकट चावून राहिली. त्याइले सांगा."

"सध्या राहू द्या," मी म्हणालो.

"काहून?"

भाडेकरू सोडून जातील, घराचं नाव खराब होईल, हे मला बोलवेना. त्यांनी सरळ जाऊन भाडेकरूंचं दार वाजवलं. मी जिन्यात अंग चोरून उभा राहिलो. आता माझी अब्रू जाणार होती.

"मालकांनीच पाठवलं मले," ते आतल्या बाईंना सांगत होते. "तुमच्या पोरीची त्याइले काळजी लागून राहिली. तिले खिडकीपासून दूर ठेवा. उद्या मी चौकट ओली करून खरडून देतो."

संध्याकाळी त्या बाई लेकीला कडेवर घेऊन वर आल्या. "लय उपकार झाले, काका," म्हणत त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि मी तो करू दिला.