सुनेचे हुकूम

आमच्याकडे सून सासूला सरळ “उठा” म्हणत नाही. “आई, उठता काय?” म्हणते. मीही माझ्या सासूबाईंशी असंच बोलले, आणि माझी सून तर तिगावची, आईनं जिभेवर साखर ठेवूनच पाठवलेली. या गोड जिभेनंच तिचं काम अडवलं, ते सांगते.

लग्नाआधी ती कॉम्प्युटर शिकवायची. इथं पांढुर्ण्याला आल्यावर ते सुटलं. तोंडानं कधी बोलली नाही, पण कोणी तो विषय काढला की भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा. मग सौंसरला एका क्लासमध्ये बायकांना कॉम्प्युटर आणि जोडीला थोडं इंग्रजी शिकवायला बाई हवी आहे, असं कळलं. एक तास शिकवून दाखवायचा होता. गेली बिचारी बसनं, आणि संध्याकाळी चेहरा एवढासा करून परत आली.

“काय म्हणे?”

“सर म्हणे, मॅडम, तुम्ही विनंती करून राहिल्या, शिकवून नाही राहिल्या.”

झालं असं, की समोर बसल्या होत्या माझ्या वयाच्या बायका. हिला त्यांना काही सांगायचा धीर होईना. “प्लीज मॅडम, इफ यू डोन्ट माइंड” करत करत ती माऊसपर्यंत पोहोचली तोवर अर्धा तास संपला. सर म्हणाले, कॉम्प्युटरचं इंग्रजी एका शब्दाचं असतं. सेव्ह. सेंड. ओपन. तसं सांगता येत असेल तर सोमवारी या, नाही तर दुसरी बाई पाहतो.

मी म्हटलं, “काढ तुझा लॅपटॉप. मी बसते शिकायला.”

“तुम्ही?”

“मले हुकूम देता आला तं सौंसरात कोणालेही देता येईन.”

बसलो समोरासमोर. ती म्हणाली, “आई, इथं क्लिक करता का?”

“नाही करत.”

“आई, असं काय करता?”

“तू विचारलं, मी सांगितलं. हुकूम दे.”

ती हसली, लाजली, पदर सावरला आणि भिंतीकडे पाहून म्हणाली, “क्लिक.” मी केलं. घर काही पडलं नाही.

मग मला त्यात गंमत वाटायला लागली. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, बाकी जे वाचलं ते पुड्यांच्या कागदावर आणि पेपरात, त्यामुळे खोदून विचारायची सवय. मेल म्हणजे पत्र ना, मग “मेल मी” म्हणजे “मला पत्र पाठव”, असं कसं? ती म्हणाली, इंग्रजीत त्याच शब्दाला कामाला लावतात. आलेला निरोप तो मेसेज, आणि निरोप पाठवायचं कामही मेसेजच. आमच्याकडे तसं नाही. आमच्या बोलण्यात हे पाहुणे शब्द एकटे चालत नाहीत, त्यांना “कर” सोबत द्यावा लागतो. मेल कर, सेव्ह कर. डिलीट मात्र आम्ही मारतो. का मारतो, देव जाणे.

दोन-तीन दिवसांत पोरीचा आवाज मोकळा झाला. “ओपन! नाही, बॅक! आधी सेव्ह, मग क्लोज!” खिडकी बोळीकडे उघडते, याचं भान दोघींनाही नव्हतं.

समोरच्या वैनी संत्री द्यायच्या निमित्तानं आल्या आणि मला ओट्यावर नेऊन हळूच म्हणाल्या, “तुम्ही सांगून नाही राहिल्या, पण मले सगळं ऐकू येते. पोरगी फारच डोक्यावर बसली.”

“मीच बसवली.”

“असंच म्हणतात सगळ्या. मी समजावू काय तिले?”

“समजवा,” म्हटलं, आणि त्यांना आत नेऊन माझ्याच खुर्चीवर बसवलं. “घे, नवीन विद्यार्थिनी.”

वैनी हाताची घडी घालून बसल्या. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम मेथी निवडायला घेतली.

“काकू,” सून म्हणाली, “हात.”

वैनींची घडी सुटली.

“माऊस. क्लिक. आता लिहा.”

वैनी एकेक अक्षर शोधत राहिल्या. नागपूरच्या लेकीला त्यांनी “संत्री पाठवते” एवढं लिहिलं. “सेंड,” सून म्हणाली, आणि त्यांनी धाडलं. चहा गाळून होत नाही तोच त्यांचा फोन वाजला. लेक विचारत होती, आई, तू मेल केला? वैनी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, “मग काय तं, करून राहिली मी आता.” समजवायचं राहूनच गेलं.

सोमवारी सून सौंसरला गेली. मी दिवसभर फोन जवळ घेऊन हिंडत होते. तिचा फोन काही आला नाही. दिवेलागणीला ती दारात आली, चपला काढता काढताच म्हणाली, “आई, चहा.”

दुसऱ्या क्षणी तिनं जीभ चावली. पण मला उत्तर मिळालं होतं. मी गॅसवर पाणी ठेवलं.

“उद्यापासून या म्हणे,” ती मागून सांगत होती.

बोळीपलीकडच्या खिडकीतून वैनींचा आवाज आला, “माझाही कप टाकजा वो.”