दार सांभाळणारा मधू

मधूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदारांची गचांडी धरली होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन आम्ही गणपती बसवला होता. आरती रंगात आली होती आणि खजिनदारांनी 'आवाज फार होतोय' म्हणून मध्येच स्पीकरची वायर उपसली. त्याबरोबर पांढऱ्या झब्ब्यातला एक आडवातिडवा माणूस गर्दीतून घुसला आणि त्यानं खजिनदारांना भिंतीला चिकटवलं. "चालू ताल तोडतोस व्हय रं? कानाखाली जाळ काढीन." मग त्यानं स्वतःच वायर जोडली, सगळ्यांत मोठ्यानं आरती म्हटली आणि प्रसादाच्या वेळी खजिनदारांना आपल्या हातानं मोदक नेऊन दिला. खजिनदारांनी तो खाल्लाही. न खाऊन सांगतात कुणाला?

हा गृहस्थ कोल्हापूरकडचा असणार असं मी धरून चालले होते. चौकशी केली तर जन्म मँचेस्टरचा, आणि महाराष्ट्र पाहिलेला फक्त दोन सुट्ट्यांमध्ये. वडील गडहिंग्लजजवळच्या एका गावातून डॉक्टर होऊन विलायतेला गेले होते. मधूची मराठी म्हणजे त्याच्या आईची मराठी, तिनं गावातून नेलेली आणि जशीच्या तशी जपलेली. नोकरी आवाज मोजायची. रिफायनरीतल्या यंत्रांचा आवाज मोजायचा आणि कामगारांच्या कानांना इजा होणार नाही अशी व्यवस्था करायची. दिवसभर लोकांचे कान वाचवायचे आणि संध्याकाळी कानाखाली जाळ काढायच्या धमक्या द्यायच्या, असं आम्ही त्याला चिडवायचो. तोही हसायचा.

पण ती नुसती धमकी नव्हती. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्यानंतरच्या वाईट दिवसांत माझा नवरा अविनाश त्याच्याबरोबर पेट्रोल भरायला थांबला होता. शेजारच्या पिकअपमधल्या माणसानं काहीतरी घाण शिवी दिली आणि बिअरचा भरलेला कॅन अविनाशच्या अंगावर फेकला. मधूनं डिकीतून जॅकचा पाना काढला, पिकअपचे दोन्ही दिवे फोडले आणि तो माणूस उतरल्यावर त्याचं नाक फोडलं. अविनाशनं घरी येऊन सगळं सांगितलं. मी मधूला फाडफाड बोलले. पोलिस आले असते तर, त्याच्याकडे बंदूक असती तर? तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, पहिला हात आपला. दुसऱ्याची वाट बघणारा माणूस उरत न्हाय."

ही अक्कल त्याला कुठून आली ते कळायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या गॅरेजमध्ये त्याचा ड्रमसेट होता, कारण त्याच्या अपार्टमेंटवाल्यांनी तो बाहेर काढायला लावला होता. एका शनिवारी सकाळी वाजवून झाल्यावर घाम पुसत त्यानं सगळं सांगितलं. ऐंशीचं दशक संपता संपता त्याच्या गावात, मँचेस्टरमध्ये, एक चमत्कार झाला होता. गिटार वाजवणाऱ्या बँडवाल्यांचा आणि डान्स क्लबवाल्यांचा तोवर छत्तीसचा आकडा. कुणीतरी दोन्ही एकत्र केलं. वर गिटार, खाली मशिनसारखा न थांबणारा ठेका. मधू वीस-एकवीसचा होता आणि तो ठेका हातांनी वाजवणाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या बँडच्या दोन रेकॉर्डही निघाल्या. ढगळ पँटी घालून सगळं गाव नाचत होतं. ज्या पोरांनी शाळेत मधूला 'पाकी' म्हणून बडवलं होतं तीच पोरं घामाघूम होऊन त्याच्या गळ्यात पडत होती. "दोन उन्हाळे, वहिनी. दोन उन्हाळे मला कुणी मारलं न्हाय."

मग गुंडांना त्या क्लबांची दारं हवी झाली. ज्याचं दार त्याचा आतला नशेच्या गोळ्यांचा धंदा, असा सरळ हिशेब होता. दारावरची माणसं बदलली, चाकू आले, मागोमाग बंदुका आल्या. एके दिवशी मधू आणि त्याच्या बँडचा गिटारवाला नील तिकिटं घेत दारात उभे होते. समोरच्या माणसानं जॅकेटमध्ये हात घातला. मधूला वाटलं, तिकीट काढतोय. तो माणूस चाकू काढेपर्यंत मधू तिकिटासाठी हात पुढे करून उभा होता. वार नीलवर झाला आणि तो तिथेच, मधूच्या पायावर पडून गेला. वर्षभरात क्लबांना कुलपं लागली, आणि लोक म्हणाले, फॅशन बदलली. मधू म्हणायचा, "गाणं स्टेजवर मरत न्हाय. दारात मरतंय."

आमची रुचा तेव्हा हायस्कुलात होती. कॉलेजात गेली तोवर विलायतेत तीच खिचडी पुन्हा शिजली होती, नव्या नावानं. भडक निऑन कपडे, हातात चमकत्या कांड्या, गिटारीच्या मागे सायरन. इंटरनेटवरून ते खूळ आमच्या घरात शिरलं. रुचानं मित्रमैत्रिणींचा बँड काढला आणि एक बंद पडलेलं गालिच्यांचं गोदाम रविवार दुपारपुरतं भाड्यानं मिळवलं. मधू चाळिशीला टेकला होता, पण त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याची काळजीच वाटली. त्यानं आपले स्पीकर दिले, त्यांच्या ड्रमरला घाम फुटेस्तोवर शिकवलं. आणि एकच अट घातली: दार माझं.

मी एकदा जाऊन आले. डोकं उठलं, पण पाय हलले हे कबूल करते. मेक्सिकन, व्हिएतनामी, गुजराती, गोरी, सगळ्या जातीची पोरं एकमेकांना धरून उड्या मारत होती. बाहेर ह्यूस्टनच्या उन्हात मधू दारात उभा, शर्ट घामानं चिकटलेला. आत ये म्हटलं तर आला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका रविवारी टायलर नावाचा एक पोरगा आला. प्यालेला होता. मधूनं त्याला परत जायला सांगितलं, त्यानं हुज्जत घातली. रुचा तिथेच पाण्याच्या बाटल्या वाटत होती. टायलरनं पँटच्या मागच्या खिशात हात घातला आणि मधूनं मारलं. पोराचं डोकं दाराच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. तो पडला, तरी मधू थांबला नाही. डोक्यात, जबड्यावर लाथा घालत राहिला. रुचानं मागून त्याचा शर्ट धरून ओढलं, शर्ट फाटला, तेव्हा तो भानावर आला. सिमेंटवर रक्त होतं आणि पोराच्या मुठीत फोन होता. आत नाचणाऱ्या मित्राला तो बाहेर बोलावणार होता.

टायलर वाचला. जबडा तारांनी बांधावा लागला आणि डाव्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. कानाखाली जाळ काढायच्या ज्या वाक्यावर आम्ही इतकी वर्षं हसलो ते आता कुणीही उच्चारत नाही. गोदामाच्या मालकानं कुलूप घातलं, बँड फुटला, आणि पुढच्या वर्षभरात विलायतेतही ती लाट ओसरली. निऑन टीशर्ट दुकानांत सेलच्या ढिगात येऊन पडले.

राहिला खटला. मधूच्या वकिलाचं म्हणणं, हातात चाकूसारखं काही दिसलं म्हणून स्वसंरक्षणासाठी मारलं. नीलची गोष्ट कोर्टात सांग म्हणून तो मधूच्या मागे लागला होता. मधूनं साफ नाही म्हटलं. "माझा मेलेला मित्र ढाल म्हणून वापरायचा न्हाय," असं त्यानं अविनाशला सांगितलं. मग उरली रुचा, सगळं जवळून पाहिलेली एकटीच साक्षीदार. जामिनाच्या अटींनुसार मधूला तिच्याशी बोलायची बंदी होती, पण मंडळाला नव्हती. एकेक जण घरी येऊन गेला. मोदक खाल्लेले खजिनदारसुद्धा आले. म्हणाले, "आपला माणूस आहे. चार-पाच वर्षं आत जाईल, वर देशाबाहेर काढतील. रुचानं खोटं बोलायचंच नाहीये. नीट दिसलं नाही, एवढं म्हटलं की झालं." रुचा खोलीत निघून गेली. मला काय वाटत होतं ते स्पष्ट सांगते. मलाही तिनं तसंच म्हणावं असं वाटत होतं. मधू आमच्या घरचा होता.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, त्याच्या हातात काय होतं? रुचा म्हणाली, फोन. मग मधूचा वकील उठला. आवाज लोण्यासारखा. तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभ्या होतात ना? डोळ्यांवर तिरीप येत होती ना? मग त्या क्षणी जे चमकलं ते चाकू नव्हे, फोनच दिसलं, हे शपथेवर सांगू शकाल? रुचानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिला रडू फुटलं आणि वकील तसाच थांबून राहिला, मायेनं.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. मधू उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "पोरी, रडू नगंस. फोनच हुता. मी बी बघितला, पर मारून झाल्यावर."

दोन शिपायांनी त्याला पकडून टेबलावर आडवा दाबला. त्याचा गाल लाकडावर चिरडला होता. ज्यूरीतली एक बाई घाबरून खुर्चीतून अर्धवट उठली होती. न्यायाधीशबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी रुचाला विचारलं, हा माणूस काय म्हणाला? तुला धमकी दिली का?

जन्मभर माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या माझ्या मुलीनं नाक पुसलं आणि माईक जवळ ओढला.

"ही सेज, डोंट क्राय. ही सेज इट वॉज अ फोन. ही सॉ इट टू. बट ओन्ली आफ्टर ही हिट हिम."

तिनं एकही शब्द गाळला नाही.