वीस गोळ्यांची कांता

कांता एकावन्न वर्षांची. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी आणि लोअर परळच्या एका गाळ्यात तेवीस वर्षं पॉवर मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवणारी. पण महायुद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये तिच्या हाती ती जड ऑटोमॅटिक रायफल आली, की समोरची गल्ली ओलांडायची कुणाची छाती होत नसे. ही बढाई नव्हे, काळाचौकीपर्यंतची पोरं हे कबूल करतात.

त्या रायफलीला पोरं म्हैस म्हणत. अंगाने जड, घेऊन पळता येत नाही, मॅगझिनमध्ये गोळ्या वीसच, आणि ट्रिगर दाबून धरला की नळी थेट आभाळाकडे. म्हणून सगळे हलक्या बंदुका घेऊन धावत सुटायचे. सुरुवातीला कांतालाही ती कुठे जमत होती! मुलगा सम्यक नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि तिकडून तो ऑनलाइन खेळायचा तेव्हा त्याच्याशी बोलायचं निमित्त म्हणून ती खेळायला बसली. तिची चूक अस्सल कारखान्यातली होती. धरलेली शिवण मधेच सोडायची नाही, ही हाताची सवय. एकदा गोळी सुटली की वीसच्या वीस संपल्याशिवाय बोट काही उठायचं नाही. मग बाई भर रस्त्यात मॅगझिन बदलत उभी, आणि फुकटात मेलेली.

"अगं आई, कॉलरच्या टोकाला काय करतेस तू?" एकदा हेडफोनमधून सम्यक वैतागून म्हणाला.

टोकाला ती पेडलला पाय नुसता टेकवते. दोन टाके, थांबायचं. पुन्हा दोन टाके. बस्स, त्या दिवसापासून कांताचा खेळच पालटला. बुटक्या भिंतीमागे बसायचं, रायफल भिंतीवर टेकवायची, दोन-तीन गोळ्या सोडायच्या, नळी खाली येऊ द्यायची, मग पुढच्या. थोड्या उरल्या की आडोशाला जाऊन मॅगझिन बदलायचं आणि जागाही बदलायची. धावायचं काम धावणाऱ्यांचं.

यंदा भीमजयंतीच्या गेम स्पर्धेआधी चाळीच्या टीममधल्या सुशांतचं मनगट मुरगळलं. कॅप्टन अजितने त्याच्या जागी कांताला बदली म्हणून घेतलं. बदली! तिचे वडील गिरणीत अकरा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, आणि कुणी कामगार आला नाही तरच आत जायचं. तो शब्द तिला झोंबला, पण ती खेळली. टीमने तीन सामने मारले. फायनलच्या दुपारी मात्र सुशांत मनगटाची पट्टी काढून हजर झाला.

"काकू, सुशांत बरा झालाय," अजित नजर चुकवत म्हणाला. "म्हणजे आज तो..."

कांताला रागही आला आणि वाईटही वाटलं. तिला ती फायनल खेळायचीच होती.

"बसव की त्याला," ती म्हणाली. "म्हैस घेऊन एवढी एक गल्ली धरून दाखव म्हणावं. मग मी बाजूला होते."

सुशांत खेळाडू चांगला, पण धावणारा. सरावाच्या फेरीत त्याने ट्रिगर दाबून धरला. चार गोळ्या भिंतीत गेल्या, सोळा आभाळात, आणि मॅगझिन बदलता बदलता तो आडवा झाला.

"नाय रे, आपल्याला नाय जमत ही," तो खुर्चीतून उठला. "काकू, तुम्हीच बसा."

फायनल काळाचौकीच्या टीमशी होती. शेवटच्या फेरीत अजितसकट चौघे पुलावरून धावत गेले आणि चौघेही मेले. उरली एकटी कांता, आणि समोर तिघे. मागून सगळा हॉल ओरडत होता, "मार काकू, मार!"

तिने घाई केली नाही. पहिला कोपऱ्यावर दिसला, तो तीन गोळ्यांत पडला. दुसरा पळता पळता. तिसरा मात्र हातगाडीआड दबा धरून बसला. तिने गाडीवर दोन-दोन गोळ्या सोडत त्याला तिथेच खिळवून ठेवलं. मॅगझिनमध्ये चार उरल्या. हा गडी आपल्या गोळ्या मोजतोय, हे तिने ओळखलं. मग तिने मॅगझिन बदलायला घेतलं आणि अर्ध्यावरच सोडून दिलं. खटका ऐकून तो बाहेर उडी मारून आला. कांताने दोन गोळ्या सोडल्या, आणि चाळ जिंकली.

स्टेजवर ढाल मिळाली. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना. टीमचा फोटो काढायचाय."

"मग काढ की," कांता म्हणाली आणि जागची हलली नाही.

फोटोवाला गोंधळला. कडेला उभा असलेला सुशांत आपणहून स्टेजखाली उतरला.

"आता झाले बघ बरोबर पाच," तो फोटोवाल्याला म्हणाला. "काकूंना मधे घे."