खुणेपर्यंतचे पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी कल्याणच्या वाफकाकांचे नाव घेईन. ते नात्याने माझे कोणी नव्हते. पाटबंधारे खात्यातले माझे वरिष्ठ आणि माझे घरमालक. वाफकाका हे नाव आळीने ठेवलेले, कारण एकदा ठेवलेले पाणी जागेवर राहील यावर त्यांचा आयुष्यात कधीच विश्वास बसला नाही.

मुरबाडकडच्या शाळेत शिकून, आमच्या घरातला पहिला पदवीधर होऊन मी नोकरीसाठी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला सारली आणि आमच्या गावची विहीर कधी आटते ते विचारले. होळीनंतर, मी म्हणालो. मग ते पाणी जाते कुठे? माहीत नाही, असे मी खरे ते सांगितले. "मलाही नाही. उद्यापासून ये, दोघं मिळून शोधू," ते म्हणाले. राहायला त्यांच्याच घराची पुढची खोली मिळाली.

उल्हास नदीच्या खोऱ्यात माणसे, गुरे आणि शेते किती पाणी खर्च करतात आणि किती नुसते उन्हाने उडून जाते, याचा अंदाज बांधणे हे आमचे काम. काकांनी ते घरीदारी चालवले होते. चहा आला की कपातला आधी कमी होतो की बशीतला, हे ते निरखत बसत. पाहुण्यांना बिचाऱ्यांना तो थंडच प्यावा लागे. लग्नाच्या पंगतीत तांब्या पुढे आला की तो केव्हा भरला याची चौकशी होई. दोरीवरच्या ओल्या धोतरांकडे तर ते अशा नजरेने बघत, की जणू डोळ्यांदेखत चोरी चालली आहे. शहाडला नदीकाठी एका आगरी आजीला त्यांनी विचारले, म्हैस दिवसाला किती पाणी पिते? "तिलाच इचारा ना साएब, माजं कवा आयकते ती?" आजी म्हणाली. काका खरोखरच धोतर खोचून म्हशीशेजारी पाण्यात उतरले आणि तिचे घोट मोजत उभे राहिले.

त्या वर्षी नदीकाठच्या एका कारखान्याला उन्हाळ्यातही पाणी हवे होते. खालच्या गावांच्या भाजीच्या वाड्या त्याच पाण्यावर जगत. आमच्या अंदाजात पाणी उरले तर कारखान्याला परवानगी मिळणार होती. आणि ते नुसते कागदावरच उरले, तर वैशाखात वाड्या जळणार होत्या.

कचेरीच्या आवारात शेळ्या तोंड घालत, म्हणून काकांनी पत्र्याचे मोठे उथळ पात्र स्वतःच्या अंगणात मांडले आणि आतून एक खूण केली. रोज सकाळी नदीवरून फिरून आल्यावर ते खुणेपर्यंत पाणी भरत. जितके घालावे लागले, तितके आदल्या दिवशी उडाले. चैत्रात पाहावे तर भर घालायला वाटीभरही लागेना. खाडीवरच्या दमट वाऱ्याचा हा गुण, असा काकांनी सिद्धान्त मांडला. अंदाजात पाणी भरपूर उरले. साहेब खूश झाले. काकांच्या बढतीची बोलणीही सुरू झाली.

मग काकू भाचीच्या लग्नाला ठाण्याला माहेरी गेल्या आणि पात्र भराभर आटू लागले. काकांनी पत्र्याला भोक शोधले, वाऱ्याला दोष दिला, रात्रीची झोप घालवली. काकू परतल्या त्या पिशवी हातात असतानाच पात्रापाशी थबकल्या.

"अगं बाई, चिमण्यांना कोणीच पाणी घातलं नाही वाटतं?"

"तू रोज घालतेस?" काकांनी अगदी हळू विचारले.

"चैत्रात पाखरांना पाणी नको का? पहाटे उठले की घालते. आणि उगीच सांडेपर्यंत नाही हो घालत. तुम्ही खूण करून ठेवली आहे ना, बरोब्बर तिथवर."

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "चुकलं माझंच. अख्ख्या खोऱ्याचा विचार केला, घरातल्या माणसाचा तेवढा राहिला." तेवढे बोलून त्यांनी टोपी घातली आणि अंदाज परत घ्यायला ते कचेरीत गेले.

बढती दुसऱ्याला मिळाली. नव्या अंदाजात उन्हाळ्याचे पाणी उरले नाही. कारखान्याला पावसाळ्यातच साठवण करायला सांगण्यात आले. अंगणात काकूंसाठी दुसरे पात्र आले. पाण्याच्या खर्चात काकांनी 'पाखरे' असा एक रकाना घातला होता, तो मात्र साहेबांनी लाल शाईने खोडला.

पुढे माझी बदली घाटावर झाली. तिथला पहिला उन्हाळा सरताना मी त्यांना लिहिले:

"ती. काकांस साष्टांग नमस्कार. शहाडकडचा एक गृहस्थ इथे भेटला. यंदाही वैशाखात खालच्या वाड्या हिरव्या होत्या म्हणाला. काकूंना सांगावे. मी अंगणात पात्र मांडले आहे, आतून खूण केली आहे. शेजारी पाखरांचे वेगळे ठेवले आहे. पहाटे उठून खुणेपर्यंत पाणी भरणारे इथे कोणी नाही. त्यामुळे माझे आकडे अगदी बरोबर येतात."