फुगलेलं पॅकेट

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारी. ज्यूसच्या कारखान्यात मला क्वालिटीचं काम मिळालं तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्या स्वभावाला पगार देणारं कुणीतरी भेटलं एकदाचं!" क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातला हा कारखाना तसा लहानच होता. सफरचंदाचा आणि ब्लॅककरंटचा रस छोट्या पॅकेटांत भरायचा, पाठीला स्ट्रॉ चिकटवायची, खोकी बांधायची. मी दिवसभर रस चाखत, हुंगत आणि पॅकेटं दाबून बघत असायचे.

मग नेपाळची ऑर्डर आली. साहेब खूश. ज्या देशाला समुद्रच नाही तिथं जहाजानं माल पाठवायचा, हे ऐकून मी नकाशाच उघडला. आमच्या बंदरातून कोलकाता, तिथून ट्रकनं बीरगंजची सीमा, आणि मग घाट चढून एक लहानसं गाव. आठवडेच्या आठवडे माल त्या लोखंडी डब्यात राहणार, आणि तिकडे ऐन उन्हाळा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं ते मला माहीत होतं. साहेबांचा जन्म क्राइस्टचर्चमधला, त्यांना ते सांगून कळणारं नव्हतं. नमुने आम्ही नियमाप्रमाणे गरम पेटीत ठेवून तपासले. सगळे चांगले निघाले. कंटेनर गेला.

माल मागवणारी एक दुकानदार बाई होती. ती आणि मी फोनवर हिंदीत बोलायचो. ती मला दीदी म्हणायची. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, म्हणून बोलणं नेहमी मुलींवर जायचं. "आमच्याकडे मुलं रंगीत पाणी पितात, दीदी," ती म्हणायची, "खऱ्या फळाचा रस मी पहिल्यांदा आणतेय." हे ऐकलं की मला अभिमानही वाटायचा आणि धडकीही भरायची.

त्या वेळी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. भाड्याच्या घरात उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून त्यांनी देव बसवले ते थेट गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. इथे सगळे त्या कपाटात टॉवेल ठेवतात. आमच्याकडे टॉवेल खुर्चीवर आणि गणपती उबेत! मी त्याच मालातलं एक पॅकेट घरी नेलं, तर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते लगेच देवापुढे ठेवलं.

"माल पोचल्याचा निरोप आला की प्रसाद म्हणून वाटू," त्या म्हणाल्या. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आजी, इट्स जस्ट ज्यूस!" माझी मुलगी म्हणाली.

"ज्यूस असेल तुझा. देवापुढे ठेवला की नैवेद्य."

मी हसले आणि विसरूनही गेले. त्या कपाटात ढुंकून बघायची वेळ माझ्यावर यायचीच नाही, पूजा आईच करायच्या.

एका शुक्रवारी सकाळी त्यांनीच हाक मारली. "अगं, हे बघ ना, पॅकेट कसं गरगरीत झालंय!" मी कपाटापाशी गेले आणि पॅकेट हातात घेतलं. पॅकेटाच्या चारी कडा गोल झाल्या होत्या. बोटानं दाबलं तर ते ताठ लागलं. सिंकवर नेऊन कात्रीनं कोपरा कापला तसा फस्सकन आवाज झाला आणि आंबलेल्या पिठासारखा वास आला. आई म्हणाल्या, "देवाला आंबवलं की काय मी?"

पॅकेट फुगतं ते आत काहीतरी जिवंत असतं म्हणून. आंबट रसात जीवघेणे जंतू सहसा वाढत नाहीत, हे मी शिकले होते. पण त्या सकाळी मला फक्त तो 'सहसा' दिसत होता. कारखान्यातली राखीव पॅकेटं थंड गोदामात होती, ती सगळी सपाट निघाली. म्हणजे काही पॅकेटांची शिवण कच्ची होती आणि उबेत गेल्याशिवाय ते कळणार नव्हतं. आमच्या घरात ती ऊब टाकीच्या कपाटात होती. कंटेनरमध्ये ती सगळीकडे होती.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. देव कपाटात का ठेवलेत हेही मला त्यांना समजावावं लागलं.

"म्हणजे हे पॅकेट बॉयलरला टेकून होतं?"

"जवळ होतं."

"वन पॅक," ते म्हणाले. "आपण लॅबला पाठवू. सोमवारी कळेल. तोवर कुणाला काही बोलायचं नाही, ओके?"

माणूस वाईट नव्हता. पण आदल्याच दिवशी त्या बाईचा मेसेज आला होता, माल पोचला, शुक्रवारी दुपारी शाळेच्या समारंभात सगळ्या मुलांना वाटणार. सोमवारपर्यंत थांबायचं म्हणजे ती मुलं रस पिऊन मोकळी! माझा व्हिसा ह्याच नोकरीवर होता. मी दिवसभर कागद इकडचे तिकडे केले. संध्याकाळी मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तिला फोन लावला, तेव्हा तिच्याकडे सकाळ होती.

"दीदी! अहो, इथं लोक विचारायला यायला लागलेत."

"एकही पॅकेट विकू नका," मी म्हणाले. "शाळेत तर मुळीच देऊ नका."

"साहेबांनी सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

मग तिनं कुणाला तरी ओरडून हाक मारली. मला नेपाळी कळत नाही, पण नवऱ्याला मोटारसायकल काढायला सांगितली एवढं समजलं. खोकी सकाळीच शाळेत गेली होती. शाळा घाटाच्या वरच्या टोकाला आणि तिथं फोन लागत नव्हता.

"दीदी," ती हळू आवाजात म्हणाली, "माझी मुलगी सकाळी दोन प्यायलीये. काय बघायचं मी?"

मला सगळं पाठ होतं. उलटी, ताप, पोटात कळ. ते एकेक सांगताना मला रडू फुटत होतं. शेवटी मी विचारलं, "ती पॅकेटं फुगलेली होती का?"

"फुगलेली कशाला? चांगली भरलेली होती. काही पॅकेटं चपटी दिसतात ना, ती गिऱ्हाईक घेत नाही. मुलंसुद्धा दाबून दाबून भरलेलंच उचलतात." ती जरा थांबली. "शाळेसाठी मी स्वतः बसून तशीच निवडली, दीदी. पहिल्यांदाच देतोय, चांगली जावीत म्हणून."

"दाबल्यावर ताठ लागत होती ती?" मी विचारलं. ती समजली. आम्ही दोघी फोन न ठेवता तशाच बसून राहिलो.

तिचा नवरा पोचला तेव्हा मुलं रांगेत बसली होती, पॅकेटं हातात होती. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं होतं म्हणून स्ट्रॉ अजून टोचली नव्हती. मुलांच्या हातातून खाऊ काढून घेतल्यावर जो गोंधळ झाला, त्याबद्दल ती माझ्याशी नंतर फारसं बोलली नाही.

सोमवारी लॅबचा रिपोर्ट आला. साधं यीस्ट, जीवघेणं काही नाही. साहेबांनी माल परत घ्यायचं कबूल केलं, माझी नोकरीही राहिली. "यू सी?" ते म्हणाले. "एवढं घाबरायचं कारण नव्हतं."

मी मान हलवली. तिची मुलगी शुक्रवारी रात्रभर उलट्या करत होती, आणि तिची आई उशाशी बसून तिला सारखं विचारत होती, "दोनच प्यायलीस ना? मी रागावणार नाही, खरं सांग, दोनच ना?"